कोरा फ्लॅश

आमच्या स्टुडिओत चार्ज करायच्या सेलचा फ्लॅश आला तो आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षी. स्टुडिओ म्हणजे काय, भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका बोळात दहा बाय बाराची खोली. मागे कापडावर रंगवलेला धबधबा, पुढे एक खुर्ची, एक तिपाई आणि त्यावर प्लॅस्टिकची फुलं. मालक माझा मामा. मी अकरावीला गणितात दोनदा आपटलो तेव्हा आईने मला त्याच्या हवाली केलं. म्हणाली, "याला कायतरी शिकव, नायतर हा जन्मभर नकला करत फिरेल." मामाने शिकवलं. तीन वर्षांत मी एकट्याने लग्नाचे फोटो मारायला लागलो. आणि नकला करत फिरायचंही काय थांबलं नाय.

नकला म्हणजे सगळ्याच. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात दाराबाहेरून ओरडून मी सातवीचा अख्खा वर्ग मधल्या सुट्टीतच घरी पाठवला होता. त्याबद्दल हेडमास्तरांनी मला बडवला, आणि बडवताना ते जे जे बोलले ते दुसऱ्या दिवशी मी पोरांना जसंच्या तसं करून दाखवलं. कल्याणची एस.टी. गिअर बदलताना कशी कण्हते, समोरचा भइया चहा गाळताना "छुट्टा दो ना सेठ" कसं नाकातून म्हणतो, सगळं यायचं. एकदा ऐकलं की बस. माणूस कोण, कुठला, त्याच्याशी मला काय करायचंय? आवाज घ्यायचा आणि सुटायचं.

बोळाच्या दोन्ही अंगांना लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. शिफ्टवर शिफ्ट, खटखट बंद म्हणून नाय. त्या खटखटीने फोटो मोठा करायचा आमचा एन्लार्जर थरथरायचा, म्हणून मोठे फोटो फक्त शुक्रवारी करायचे, लूमला सुट्टी असते तेव्हा. इतर वारी केला तर नवरीला चार डोळे यायचे. व्होल्टेजचंही तेच. लूम चालू असले की आमची ट्यूब नुसती डोळे मिचकवत बसायची. शुक्रवारी मात्र झकास.

नवा फ्लॅश मामाने मुंबईहून कुणाकडून तरी आणला. कुठून, कसा, ते विचारायचं नाय, बोटीवरून आलाय एवढंच समजायचं. त्याच्याआधी आमच्याकडे बल्बवाला होता. एक फोटो, एक बल्ब. फाटकन पेटायचा, काच आतून पांढरी व्हायची, की गेला बल्ब कामातून. हा नवा हाताच्या पंजाएवढा. पोटात पेन्सिलीएवढे चार सेल, आणि ते सेल फेकायचे नाय, विजेवर परत भरायचे. मामाने मला समोर बसवलं आणि बोट वर केलं.

"ऐक. हे भरायला चौदा तास लागतात. लग्नाच्या आदल्या दिवशी लावायचे. आठवडाभर आधी भरून ठेवलेस तर पडल्या पडल्या उतरतात. मडकं पाझरतं ना, तसे."

"बरं."

"दुसरं. हे मरताना सांगत नाय. साधा सेल म्हाताऱ्यासारखा जातो. आधी धापा टाकतो, लाल दिवा लागायला वेळ लावतो, आपल्याला कळतं. हा तसला नाय. हा बोलता बोलता जातो. आत्ता चांगला, पुढच्या मिनिटाला मेलेला. म्हणून खिशात चार साधे सेल ठेवायचे. ते पण याच्यात चालतात. कायम ठेवायचे."

"कायम ठेवायचे," मी लगेच मामाच्या आवाजात म्हटलं, बोटासकट.

मामा हसला नाय. अख्ख्या बोळात तो एकटाच माणूस असा होता की ज्याला मी कधी हसवू शकलो नाय.

फ्लॅश चालू केला की आतून एक बारीक शिट्टी निघायची. डासासारखी. कुंऽऽई करत वर वर चढत जायची, ऐकू येईनाशी झाली की मागचा लाल दिवा लागायचा. म्हणजे तयार. दोन दिवसांत ती शिट्टी मला यायला लागली, दात मिटून, जीभ टाळूला चिकटवून. मामा आत डार्करूममध्ये असला की मी बाहेरून शिट्टी काढायचो. तो आतून ओरडायचा, "बंद कर रे तो, सेल उतरतील!" फ्लॅश खोक्यात असायचा.

आता कोरा फ्लॅश काय ते सांगायला पाहिजे. रोल बारा फोटोंचा. लग्नाला माणूस दोनशे. त्यातल्या दीडशे जणांना वाटतं की आपला एक फोटो निघालाच पाहिजे. "ए फोटोवाला, आमचापन काढ ना!" बायका तर पदर सावरून रांगच लावतात. मग काय करायचं, कॅमेरा डोळ्याला लावायचा, "हसा" म्हणायचं, आणि कॅमेऱ्याचं बटण न दाबता फ्लॅशच्या पाठीवरचं छोटं बटण दाबायचं. लखकन उजेड. रोल पुढे सरकतच नाय. माणूस खूश, आपण मोकळे. आमच्या धंद्यात त्याला कोरा मारणं म्हणतात. नंतर कोण विचारायला येतो? अल्बम जातो नवऱ्याकडे. आपला फोटो दिसला नाय तर माणूस समजतो, चांगला आला नसेल.

बल्बच्या काळात हे शक्य नव्हतं, एकेक बल्ब जिवावर यायचा. या नव्या सेलने खोटा उजेड फुकट करून टाकला. मामा तरी कोरा मारत नसे. तो तोंडावर सांगायचा, "रोल संपलाय." पण असं तोंडावर सांगायला मामासारखं आंबट तोंड लागतं. मी पडलो गोड. मी एका लग्नात तीस-तीस कोरे मारायचो आणि वर प्रत्येकाला वेगळी नक्कल.

आमच्या बोळाच्या टोकाला एका कारखान्यात एक मुलगी सुताच्या कांड्या भरायला यायची. जवळच्या कोन गावची. सकाळी एस.टी.ने यायची, संध्याकाळी जायची, जाता-येता स्टुडिओसमोरून. मी तिच्या मुकादमाची नक्कल करायचो, "ए पोरींनो, हात चलाव, जबान नको," आणि ती तोंडावर पदर धरून हसायची. एवढीच ओळख. एक दिवस ती पायरी चढून आत आली.

"पुढल्या गुरुवारी लगीन हाय माजं. चुलता येल तुमाला सांगाया, पन मी आधी सांगून ठेवतंय."

"अरे वा. किती फोटो?"

"मना एकच पायजे. बाकीचे तू कुनाचे पन काढ. माजा नि बाबाचा. मुंडावल्या बांधलेल्या आसताना. आनि बाबा बसलेला पायजे. निजलेला नको."

तिचा बाप वीस वर्षं लूमवर होता. छातीत कापूस बसला. चार वर्षं खाटेवरच. भिवंडीत असं दर दोन घरांत कोणतरी आहे, त्यामुळे मी काय चेहरा-बिहरा पाडला नाय.

"त्याचा एक पन फोटू न्हाय घरात," ती म्हणाली. "डागदर बोलला, पावसाला काढनार न्हाय."

"एक काय, बारा काढतो. बाबाला हिरो करतो."

"मस्करी नको करू रे दादा. एकच. पन नीट."

"चौदा तास!" मी मामाच्या आवाजात बोट वर करून म्हटलं. तिला त्यातलं काही कळलं नाय, पण हसली. मला बरं वाटलं. मला तेवढंच पाहिजे असायचं.

सेल मी शुक्रवारी भरले. मामाने सांगितलेलं आदल्या दिवशी, पण आदला दिवस बुधवार, लूम चालू, व्होल्टेज पडलेलं, चार्जरचा दिवा काजव्याएवढा. अर्धवट भरण्यापेक्षा शुक्रवारी पोटभर भरलेले बरे, असं मीच ठरवलं. भिवंडीतल्या माणसाला सगळी चांगली कामं शुक्रवारी करायची सवय. मधल्या पाच दिवसांत ते सेल नुसते पडून उतरलेच असते, पण मी त्यांना पडूही दिलं नाय. भइयाच्या टपरीवर रोज संध्याकाळी फ्लॅश काढायचा, कुणाच्या तरी तोंडावर मारायचा, तो दचकला की सगळे हसायचे. आणि खिशातले चार साधे सेल? ते मी माझ्या छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये घातले होते. फर्माइशी गाणी ऐकायला. मामा गुरुवारी जुना बल्बवाला फ्लॅश घेऊन दुसऱ्या लग्नाला गेला, जाताना त्याने विचारलं, "सेल?" मी खिशावर थाप मारली. खिशात कंगवा होता.

लग्न गोरज मुहूर्ताचं. मी चारला कोनला पोचलो. दारात मांडव, मांडवात सतरंज्या, पेट्रोमॅक्स बत्त्या अजून पेटवायच्या होत्या. मी गळ्यात कॅमेरा अडकवून शिरलो तसा गराडा पडला.

"ए फोटोवाल्या, इकरं ये! आमचे मामीचा काढ!"

"मामी, हसा. आवो, येवढं नको, दात पडतील."

लखकन. कोरा.

नवऱ्याकडची पोरं तर गळ्यात गळे घालून उभी. एक कोरा बसून, एक कोरा उभ्याने, एक गॉगल घालून. लाल दिवा दर वेळी पटकन लागत होता, शिट्टी चढत होती, मला वाटलं काय जबरदस्त सेल आहेत. मी मोजतही नव्हतो.

तेवढ्यात घरातून खोकला ऐकू आला. तीन खोकले, मग एक लांब श्वास, फाटक्या भात्यासारखा, आणि त्याच्या शेवटी बारीक कण्हणं. मांडव एक क्षण गप्प झाला. आता गप्प झालेला मांडव मला सहन होत नाय, हा माझा दोष समजा. मी छातीवर हात ठेवला, डोळे पांढरे केले आणि तो खोकला जसाच्या तसा काढला. तीन, मग भाता, मग कण्हणं. तिसऱ्या खोकल्याला फ्लॅशही मारला.

नवऱ्याची पोरं फुटली हसून. "परत! परत कर!"

मी परत केला. परत फ्लॅश.

एक म्हातारी म्हणाली, "आरं मेल्या, नवरीचा बापूस हाय तो." आणि तीही हसली, तोंड फिरवून.

मी दाराकडे बघितलं. नवरी उंबऱ्यात उभी होती, हळद लागलेली, केस अजून मोकळे. किती वेळ उभी होती माहीत नाय. मला वाटलं शिव्या घालेल. ती फक्त म्हणाली, "माजा फोटू ध्यानात हाय ना?"

"आहे की. दोन फोटो तुझ्यासाठी राखून ठेवलेत."

ते खरं होतं. दहा फोटो मी लग्नाचे काढले, अंतरपाट, हार, कन्यादान चुलत्याने केलं ते, आणि शेवटचे दोन तिच्यासाठी ठेवले. रोल राखला. उजेड राखायचा असतो हे डोक्यात आलं नाय.

अंधार पडल्यावर, पाठवणीच्या आधी, तिने मला आत बोलावलं. आतली खोली म्हणजे एक हातभर खिडकी आणि कोनाड्यात रॉकेलची चिमणी. चुलत्याने आणि आणखी एकाने म्हाताऱ्याला दोन्ही बगलांत हात घालून उठवला होता. म्हातारा म्हणजे पंचेचाळीस-पन्नासचा असेल. त्याला नवाकोरा पांढरा सदरा घातला होता, दुकानातल्या घड्या तशाच होत्या, दाढी कुणीतरी करून दिली होती, हनुवटीला कापलं होतं. डोक्यावर टोपी. नवरी त्याच्या शेजारी बसली, एक हात त्याच्या पाठीमागे घातला, लोकांना दिसू नये असा, आणि त्याला आपल्या अंगावर टेकवून घेतला. मुंडावल्या सरळ केल्या.

"बाबा, तिकरं बग."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. ओठ गच्च मिटले होते. मला आधी कळलं नाय, मग कळलं, त्याने खोकला दाबून धरला होता. फोटोपुरता.

मी बटण दाबलं. खट्. नुसती खट्.

फ्लॅशच्या मागे बघितलं, दिवा विझलेला. कान लावला, शिट्टी नाय. बंद केला, चालू केला, तळहातावर आपटला. काहीच नाय. आत्ता कन्यादानापर्यंत लखलखत होता, मांडवात तिसऱ्या खोकल्यालाही लखलखला होता तो. हात खिशात गेला, कंगवा लागला.

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हाताऱ्याच्या मानेची शीर ताठ झाली होती.

"एक मिनिट हां. भरतोय," मी म्हटलं. आणि दात मिटले, जीभ टाळूला लावली, आणि कुंऽऽई सुरू केलं. बारीक, मग चढत चढत, अगदी वर नेऊन संपवलं. इतकी चांगली शिट्टी मी कधी काढली नव्हती.

"हां, बाबा. बघा इकडे." खट्.

"उजेड न्हाय पडला," चुलता म्हणाला.

"काका, परदेशी फ्लॅश हाय ह्यो," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. "जवलून मारला का उजेड डोल्याला दिसत न्हाय. थेट फोटूत जातो."

चुलत्याने मान हलवली. फोटोवाला मी होतो, त्यांना काय माहीत. म्हाताऱ्याने तेव्हा खोकला सोडला, तो बराच वेळ चालला. संपल्यावर त्याने डोळे पुसले आणि मला विचारलं. आवाज खोल, खरखरीत, पण मऊ होता. मी मांडवात केला तसला केविलवाणा नव्हताच तो.

"निंगाला का रं, पोरा?"

"निघाला, बाबा. एकदम झकास."

त्याने मान डोलावली आणि आडवा झाला. नवरीने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

परत येताना एस.टी.त मला सगळं सुचलं. सुचलं असं तरी कशाला म्हणू, मला तिथेच माहीत होतं. मांडवातल्या दोन बत्त्या आत आणायच्या, कॅमेरा पाटावर ठेवायचा, म्हाताऱ्याला सांगायचं हलू नका, शटर उघडं ठेवून मनात एक-दोन म्हणायचं. फोटो आला असता. मामाने शिकवलं होतं, बल्ब संपले की असंच करायचं. पण त्यासाठी आधी म्हणावं लागलं असतं की फ्लॅश मेलाय. आणि त्याच संध्याकाळी अख्खा मांडव ज्याच्या नकलेवर हसून लोळला होता, त्या माणसाला ते म्हणवलं नाय.

दुसऱ्या दिवशी रोल धुतला. दहा फोटो चांगले. शेवटच्या दोन निगेटिव्ह जवळजवळ पाण्यासारख्या कोऱ्या. मी त्या कापून खिशात टाकल्या.

"दहाच?" मामाने विचारलं.

"दोन वाया गेले."

कोन म्हणजे काय परदेश नाय. एस.टी.ने अर्धा तास. पोरगी सासरी गेली होती, पण बाप होता ना. दिवसाउजेडी खाट अंगणात काढून एकट्या बापाचा फोटो काढता आला असता, फ्लॅशची गरजसुद्धा नव्हती. मी म्हटलं सोमवारी जाऊ. सोमवारी म्हटलं शुक्रवारी जाऊ. काय सांगायचं जाऊन? पहिला का आला नाय, हे आधी सांगावं लागणार. असे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत टपरीवर मी तो खोकला निदान पाच वेळा तरी केला असेल. लोक मागायचे. "वो कोनवाला कर ना!"

आणि एके दिवशी त्याच टपरीवर लूमवरचा एक कोनचा माणूस चहा पिता पिता म्हणाला, "अरे, तुमचा तो खोकलेवाला गेला ना काल."

माझ्यामुळे त्याचं तेवढंच नाव राहिलं होतं. खोकलेवाला.

मी स्टुडिओत गेलो आणि खिशातल्या निगेटिव्ह मामासमोर ठेवल्या. मामाने एकेक उचलून दाराच्या उजेडात धरली.

"साधे सेल?"

"रेडिओत."

त्याने मला मारलं नाय. मारलं असतं तर त्याचीही नक्कल करता आली असती. शुक्रवारी लूम बंद झाल्यावर तो डार्करूममध्ये शिरला आणि दुपारपर्यंत बाहेर आला नाय. फिकं ठळक करणारा कडक कागद वापरला, औषधं बदलली, काय काय केलं. शेवटी एक फोटो बाहेर आणला. काळाकुट्ट. त्यात कोनाड्यातली चिमणी आली होती, मुंडावल्यांचे मोती आले होते, आणि त्यांच्या शेजारी सदऱ्याची पांढरी कॉलर. कॉलरच्या वर काही नाय.

ती बापाचे दिवस झाल्यावर आली, पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी. बोळात सगळं शांत. तिच्या चपलांचा आवाज लांबून ऐकू आला.

"फोटू न्यायला आलंय."

मामा उठला. मी म्हटलं, "मी देतो." पाकीट तिच्या हातात दिलं. तिने फोटो बाहेर काढला, आधी उलटा धरला, मग सुलटा केला.

"बाबा कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. "ही कॉलर."

तिने कॉलरवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता रडेल, आणि रडली तर काय करायचं याचा विचार करत होतो. ती रडली नाय.

"उजेड पडलाच नव्हता," ती म्हणाली. "मी तवाच बगितलं. शिट्टी पन तूच काढत होतास. तुजा गला हालत होता."

"मग बोलली का नाय?"

"मना वाटलं तू बोलशील." तिने फोटो पाकिटात घातला, परत काढला. "आनि बाबानं इचारलं ना, निंगाला का. तू हो बोललास. त्याच्या पुढं मी कशी न्हाय बोलू? मरस्तवर आल्या-गेल्याला सांगत होता, माजा फोटू निंगालाय, भिवंडीला हाय."

  मी म्हटलं, "दुसरं काय करता येईल ते मी करतो. सांग."

"त्याचा आवाज काढ."

"काय?"

"मांडवात काढलास ना. सगल्यांनी ऐकला. आता मना ऐकव."

मामा डार्करूमच्या दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मला सोडवलं नाय. माझा हात आपोआप छातीवर गेला. तीन खोकले निघाले.

"खोकला न्हाय," ती म्हणाली. "खोकला चार वर्सं मी ऐकला, रोज. बोल त्याच्यासारखा. तो बोलायचा तसा."

माझ्याजवळ काय होतं? त्या माणसाकडून मी खोकला घेतला होता, तोही दाराबाहेरून. तो माझ्याशी आयुष्यात एकच वाक्य बोलला होता. तेवढंच होतं. मी मान खाली घातली आणि ते म्हटलं.

"निंगाला का रं, पोरा?"

आवाज अगदी बरोबर आला. खोल, खरखरीत, मऊ.

ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या रंगवलेल्या धबधब्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"न्हाय निंगाला, बाबा," ती म्हणाली.

मग तिने पदर खोचला आणि पायरी उतरली. कोनची एस.टी. गाठायची होती तिला. फोटो तिपाईवर पालथाच राहिला होता.

मामाने तो उचलून खणात ठेवला. मग खोक्यातून सेल काढले आणि चार्जिंगला लावले. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, आणि शुक्रवार असल्यामुळे व्होल्टेज चांगलं होतं.